थंड इंजिन आणि पांढरे फडके

गेल्या महिन्यात एका सकाळी गाडीजवळ जाताच पेट्रोलचा उग्र वास आला. गाडी २००४ सालची, इंजेक्शन पद्धतीची, म्हणजे इंजिनात पेट्रोल दाबाने फवारणारी. त्याच संध्याकाळी ती गॅरेजमध्ये नेली, तेव्हा मेकॅनिकने बॉनेट उघडून टॉर्चच्या प्रकाशात सगळे पाइप न्याहाळले आणि कुठेच ओल नसल्याचे सांगितले. त्याने पाहण्यात कसूर केली नव्हती, परंतु वेळ चुकीची होती. अर्धा तास चाललेल्या तापलेल्या इंजिनावर झिरपणारे पेट्रोल थेंब धरण्याआधीच उडून जाते आणि मागे उरतो तो फक्त एक पुसट तपकिरी डाग.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी उघड्यावर ढकलत नेऊन मी स्वतः तपासणी केली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत साचते. त्यामुळे बंदिस्त पार्किंगमध्ये हे काम करू नये आणि आगपेटी तर आसपासही असू नये. रात्रभर उभ्या गाडीच्या पाइपांतला दाब उतरलेला असतो. इंजिन सुरू न करता चावी फक्त ‘ऑन’ केली की टाकीतला पंप दोनेक सेकंद चालून दाब भरतो, आणि असे तीन-चार वेळा केल्यावर गळती असेल तर ती दिसण्याची शक्यता पुष्कळ वाढते. कार्बोरेटरच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या गाडीत हा दाब जेमतेम पाव बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) असतो, इंजेक्शनच्या गाडीत मात्र सुमारे तीन बार. त्यामुळे केसाएवढी भेगही दुर्लक्ष करण्यासारखी नसते.

पांढरे सुती फडके प्रत्येक जोडाभोवती फिरवत गेलो. इंजेक्टरच्या, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या नळ्यांच्या ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) कोरड्या निघाल्या. फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या रबरी पाइपाच्या टोकाशी मात्र फडके ओलसर झाले. अशा वेळी क्लिप आणखी आवळण्याचा मोह होतो, पण कडक झालेले रबर आवळल्याने मऊ होत नाही, उलट चिरते. पंपाचा फ्यूज काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून दाब उतरवला, बॅटरीची ऋण तार सोडवली आणि मगच क्लिप काढली. पाइप वाकवताच क्लिपच्या खाली दडलेल्या भेगा उघड्या पडल्या. आधी कोणीतरी साधी, खाचा पाडलेल्या पट्टीची क्लिप बसवली होती आणि त्या खाचांच्या कडा रबरात रुतल्या होत्या.

नवा पाइप घेताना केवळ आतला व्यास जुळवून भागत नाही. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागले, आणि जुन्या गाड्यांतील सर्वच रबर त्यासाठी बनवलेले नाही. मी फ्लोरोइलास्टोमरचे (इंधनाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे) अस्तर असलेला, इंजेक्शनच्या दाबाचा पाइप मागितला. दुकानात प्रथम रेडिएटरच्या पाण्याचा पाइप पुढे करण्यात आला. तो पेट्रोलसाठी कधीही वापरू नये. क्लिपाही कडा वळवलेल्या, गुळगुळीत पट्टीच्या घेतल्या.

डिझेल गाडीवर ही पद्धत जशीच्या तशी लागू करू नये. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, दाब हजार बारच्याही वर जातो आणि अदृश्य फवारा कातडी भेदून आत शिरतो, म्हणून तिथे चालू इंजिनावर हात फिरवणे घातक आहे.

पाइप बदलल्यानंतर सलग तीन सकाळी तेच फडके फिरवले. ते कोरडे राहिले आणि वासही गेला. टाकीकडे परतणारा पाइप त्याच वयाचा आहे. त्याला अजून भेग नाही, तरी येत्या रविवारी तोही बदलणार आहे.