पाणी खाणारी जिप्सी

पिरनवाडीत खानापूर रस्त्यावरून जांबोटीचा रस्ता फुटतो, त्या फाट्याजवळ माझे गॅरेज आहे. कणकुंबी, जांबोटी, कुसमळीकडून बेळगावला निघालेली गाडी वाटेत गरम झाली, की बहुतेक वेळा ती आधी माझ्याच दारात येऊन उभी राहते. गेल्या आषाढातल्या एका बुधवारी सकाळी अशीच एक जिप्सी किंग आली. सैन्याच्या लिलावातून घेतलेली, कार्ब्युरेटरची, तेराशे सीसीची जुनी गाडी. मालक मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. आमच्याकडे अशा माणसाचे नाव कोणी घेत नाही, सगळे मेजरच म्हणतात. गाडीच्या मागच्या भागात पाण्याचे पाच-पाच लिटरचे चार डबे होते.

‘‘मिस्त्री, गाडी पाणी खातीय,’’ मेजर म्हणाले. ‘‘कुसमळीच्या पुलावर थांबून मलप्रभेचं पाणी भरतोय रोज. उद्या मालकिणीचं डायलिसिस हाय. एवढं तेवढं बघा की.’’

आठवड्यातून दोनदा त्यांना बायकोला घेऊन शहरात यावे लागत होते आणि जांबोटीच्या अलीकडच्या जंगलात, भर पावसात, त्या माउलीला गाडीत बसवून बॉनेट उघडून इंजिन निवण्याची वाट पाहण्याची वेळ त्यांच्यावर महिन्याभरात तीनदा आली होती. दुसऱ्या एका गॅरेजात दोन वेळा हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून त्याखालचे हेड पॅकिंग बदलून झाले होते. रेडिएटर नवा होता, वॉटर पंप नवा होता. आता इंजिनच बदला, असा सल्ला त्यांना मिळाला होता आणि त्यासाठी पैसे कुठून उभे करायचे, या विचारात ते होते.

मी पाना हातात घेण्याआधी मेजरांना अर्धा तास नुसते प्रश्न विचारत बसलो, आणि त्या दिवशीचे निम्मे काम त्या अर्ध्या तासात झाले, असे आजही मला वाटते. पाणी कमी होते, पण गाडीखाली ओल कधी दिसत नाही. दवाखान्यासमोर चार-पाच तास उभी राहिल्यावर गाडी सुरू करताना पहिले मिनिटभर मिसिंग करते, म्हणजे अडखळत चालते, सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते आणि मग गाडी सुरळीत चालते. हे ऐकून कोणीही हेड पॅकिंगकडेच बोट दाखवील, आणि आधीच्या मिस्त्रीने तेच केले. पण डिपस्टिकवरचे, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचे, ऑइल स्वच्छ होते, त्यात दुधाळपणाचा मागमूस नव्हता. थंड इंजिन रेडिएटरचे टोपण काढून चालवले आणि रेस दिली, तरी पाण्यात बुडबुड्यांची रांग उठली नाही. चारही सिलिंडरचे कम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजले, ते बारा किलोच्या आसपास, एकसारखे भरले. हेड पॅकिंग फुटलेले असते, तर या तिन्हींपैकी एका तरी ठिकाणी ते बोलले असते.

प्लग काढले तेव्हा मात्र एक गोष्ट नजरेत भरली. तीन प्लगांची टोके तपकिरी होती आणि चौथा, नुकता डबीतून काढल्यासारखा, पांढराशुभ्र. आत जाणारे पाणी वाफ होऊन प्लग असा धुऊन काढते. म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये जात होते खरे, पण ते हेड पॅकिंगमधून जात नव्हते. दुसरी वाट एकच उरत होती, ती म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड.

ज्यांना ही रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या जिप्सीच्या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड फक्त हवा आणि पेट्रोल वाहून नेत नाही. हेडमधून तापून आलेले पाणी त्याच्या पोटातून फिरते, कारण कार्ब्युरेटरमधून पडणारे पेट्रोल थंड धातूवर थेंबाथेंबाने न साचता त्याची नीट वाफ व्हावी. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, तोसुद्धा त्या मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असतो. त्यामुळे हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये जे एकच पातळ पॅकिंग असते, त्याच्या एका भोकातून मिश्रण जाते आणि शेजारच्या भोकातून पाणी. त्या दोन भोकांमधली बोटभर रुंदीची पट्टी दबली किंवा कुजली, की इंजिन चालू असताना आतली ओढ पाणी खेचून घेते, आणि तापलेले इंजिन बंद केल्यावर रेडिएटरमधला दाब तेच पाणी हळूहळू मिश्रणाच्या वाटेत ढकलतो. दवाखान्यासमोर चार तासांत हेच घडत होते. त्यातली भीती अशी, की त्या वाटेत पुरेसे पाणी साचले आणि गाडी सुरू केली, तर पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

तर्क जुळला, तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी नट सैल करत नाही. रेडिएटरच्या तोंडाला दाबाचा पंप लावून टोपणावर लिहिलेल्या ०.९ या आकड्यापर्यंत दाब दिला. वीस मिनिटांत काटा ०.६ वर उतरला, आणि गाडीखाली पसरलेला पुठ्ठा कोरडाच्या कोरडा. मग कार्ब्युरेटर उतरवला, पुन्हा दाब दिला आणि बसवण्णा नावाचा माझा हाताखालचा मुलगा, ज्याची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे, दंतवैद्यासारखा छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन आत बघत बसला. बराच वेळ काहीच नाही. मी पाठ वळवली आणि तो ओरडला, ‘‘अण्णा, इल्ली नीरू!’’ म्हणजे, इथे पाणी!

आरशात मलाही ते दिसले. मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या सांध्यावर, आतल्या बाजूने, ज्वारीच्या दाण्याएवढा एक थेंब फुगला, थरथरला आणि व्हॉल्व्हच्या दिशेने घरंगळून गेला. त्याच्या जागी दुसरा फुगू लागला. मेजरांना बोलावून मी तो आरसा त्यांच्या हातात दिला. ते बराच वेळ वाकून बघत राहिले आणि एवढेच म्हणाले, ‘‘एवढ्याशा थेंबानं महिना घातला व्हय.’’

पाणी परातीत काढून घेतले. त्यात कूलंट, म्हणजे इंजिन निववायला पाण्यात मिसळतात ते द्रव, थोडेफार असू शकते. ते गोडसर असते आणि विषारी; रस्त्यावरची कुत्री ते चाटून मरतात, म्हणून त्याचा एक थेंबही मी गटारात सोडत नाही. मग मॅनिफोल्ड उतरवला आणि आतली अवस्था पाहून माझे मन फार खट्टू झाले. दोन वेळा हेड उतरले, तेव्हा मॅनिफोल्डचे पॅकिंग मात्र जुनेच ठेवून त्यावर सिलिकॉन थापले होते. दाबल्यावर आत सरकलेला त्याचा एक गोळा थर्मोस्टॅटच्या तोंडाशी येऊन अडकला होता. पाणी कमी होत होते हे एक, आणि उरलेले पाणीही नीट फिरत नव्हते हे दुसरे. गाडी गरम होण्याचे कारण त्या दोन्हींत मिळून होते. त्यात वर्षानुवर्षे कूलंटऐवजी साधे पाणी भरल्यामुळे ॲल्युमिनियम खाल्ले जाऊन पाण्याच्या भोकाच्या कडेला करवंदाच्या बीएवढा खड्डा पडला होता.

सरळपट्टी ठेवून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घातले, तर मॅनिफोल्डचा चेहरा, म्हणजे हेडला टेकणारी सपाट बाजू, ०.२५ मिलिमीटर वाकलेला निघाला. याची मर्यादा ०.१० आहे. एका टोकाकडून सुरुवात करून नट शेवटपर्यंत आवळत गेले, की ॲल्युमिनियम असे वाकते. हेडची बाजू सुदैवाने सरळ होती.

दुपारचे दोन वाजले होते. आमच्या भागाचे एक भाग्य असे, की उद्यमबाग हाकेच्या अंतरावर आहे. फौंड्री आणि लेथ यांच्यावर उभी राहिलेली ही वसाहत नसती, तर मेजरांना नव्या मॅनिफोल्डसाठी आठवडाभर थांबावे लागले असते. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये आधी आर्गन वेल्डिंगने तो खड्डा भरून घेतला, तो पूर्ण निवू दिला, आणि मग मिलिंग मशीनवर चेहरा तासून सपाट करून घेतला. तिथल्या कारागिराने डायल लावून मॅनिफोल्ड बसवायलाच पाऊण तास घेतला आणि मी त्याला एकदाही घाई केली नाही. पहिल्या फेरीला कटर मधल्या भागाला शिवलाच नाही, दोन्ही टोकांवरून मात्र चकचकीत चांदी निघाली. वाकलेपणा किती होता, ते तिथे उघड्या डोळ्यांना दिसले. शेवटच्या फेरीनंतर सगळा चेहरा एका रंगाचा झाला.

तोपर्यंत बसवण्णाने हेडच्या भोकांत कापडाचे बोळे घालून जुने सिलिकॉन लाकडी पट्टीने खरवडून काढले होते. नवे पॅकिंग कोरडेच बसवले, कसलाही लेप न लावता. नट मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने २३ न्यूटन-मीटरवर आणले. पुन्हा दाब दिला. अर्धा तास काटा ०.९ वरून हलला नाही, आणि त्या अर्ध्या तासात आम्ही तिघांनी चहाही घेतला नाही.

कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी निम्मे-निम्मे भरताना मेजरांनी विचारले, की नदीचे पाणी एवढे निर्मळ असताना हे कशाला. मी त्यांना सांगितले, की बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे उघड्या भांड्यातले पाणी शंभराच्या आधीच, साधारण ९७ अंशांना उकळते. टोपणाच्या दाबामुळे तेच ११७ च्या आसपास जाते. पण कूलंट ही मर्यादा आणखी वाढवते, आणि मुख्य म्हणजे ॲल्युमिनियमला गंज लागू देत नाही. तो खड्डा निर्मळ पाण्यानेच पाडला होता.

रात्री नऊला आम्ही पावसात कुसमळीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. तापमानाचा काटा मध्याच्या वर गेला नाही.

गुरुवारी सकाळी जिप्सी हॉर्न वाजवून पुढे गेली. दुपारी परत येताना मेजर थांबले. दवाखान्यासमोर साडेचार तास उभी राहून गाडी पहिल्याच सेल्फला मिसिंगशिवाय सुरू झाली होती आणि कूलंटच्या बाटलीवर मी खडूने केलेल्या खुणेपाशीच पातळी होती. पुढच्या सीटवर त्यांच्या पत्नी थकून डोळे मिटून बसल्या होत्या. मागे बघितले, तर चारांपैकी एक डबा अजून तिथेच होता, काठोकाठ भरलेला.

‘‘तो राहू द्या मिस्त्री,’’ मेजर हळू आवाजात म्हणाले. ‘‘पूल ओलांडेपर्यंत जीव थाऱ्यावर राहत नाही.’’

मी डबा उतरवला, त्यातले मलप्रभेचे पाणी अंगणातल्या तुळशीला घातले आणि कूलंटचे मिश्रण भरून तो पुन्हा त्यांच्या गाडीत ठेवला.