जमीन ट्रस्टची, घर आपलं: बॉस्टनमधली एक वस्ती

नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झोपडपट्टीच्या पट्ट्यांवरून, म्हणजे राहत्या जागेच्या हक्काच्या कागदांवरून, परत जुंपली होती. एकजण म्हणे पट्टा दिला की उद्या हेच लोक विकून मोकळे होतात, दुसरा म्हणे मग काय जन्मभर लटकवून ठेवायचं का त्यांना. दोघांचंही बरोबर आहे बाप्पा, म्हणून इथे बॉस्टनला जे पाहून राह्यलो ते सांगतो.

इथे रॉक्सबरी नावाचा भाग आहे. तिथल्या डडली स्ट्रीटच्या आजूबाजूला 1980 च्या दशकात जवळपास 1300 प्लॉट रिकामे पडले होते. गोरे लोक सोडून गेले, बँका कर्ज देईनात, काही मालकांनी तर इन्शुरन्सच्या पैशासाठी आपलीच घरं पेटवली, आणि मग बाहेरचे लोक कचरा, मोडक्या गाड्या, काय काय तिथे आणून टाकायचे. 1984 ला डडली स्ट्रीट नेबरहूड इनिशिएटिव्ह ही संस्था उभी राहिली. मजा अशी की सुरुवातीच्या बोर्डात बहुतेक जागा समाजसेवा करणाऱ्या एजन्सीवाल्यांच्याच होत्या, तर लोकांनी भर मीटिंगमध्ये अडवलं की तुमच्यातले इथे राहतात किती? बोर्ड बदलावं लागलं, वस्तीतल्या लोकांचं बहुमत आलं, आणि काळे, केप व्हर्डियन, लॅटिनो, गोरे अशा चौघांना सारख्या जागा.

आणि सुरुवात त्यांनी घरांपासून नाही केली, 1986 ला कचऱ्यापासून केली. तो हटला तसा लोकांचा भरोसा बसला. मग 1988 ला शहराने या संस्थेला तिथले रिकामे खाजगी प्लॉट सक्तीने संपादित करायचा अधिकार दिला! आपल्या नासुप्रने, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासने, एखाद्या वस्तीच्या संस्थेला भूसंपादनाची पॉवर दिली असं समजा, येते का डोळ्यासमोर?

पण खरी गंमत पुढे आहे. जमीन घेतली ती संस्थेच्या लँड ट्रस्टकडेच राहिली, घर तेवढं कुटुंबाच्या नावावर, खालची जमीन 99 वर्षांच्या लीजवर. घर विकता येतं, पोरांना देता येतं, पण विकताना भाव ठरलेल्या हिशोबाने लागतो, बाजाराच्या नाही. मालकीची, सहकारी आणि भाड्याची मिळून 225 च्या वर घरं ट्रस्टच्या जमिनीवर आहेत. शेजारच्या व्हरमाँटमध्ये बर्लिंग्टनलाही 1984 पासून हेच सुरू आहे, तिथे भाव वाढला तर वाढीतला चौथा हिस्सा विकणाऱ्याला, बाकीची वाढ घराच्या भावात धरत नाहीत, म्हणजे पुढच्या कुटुंबालाही परवडतं. घर म्हणजे कमाई असं ज्याच्या डोक्यात आहे त्याला हे पटत नाही. कसं पटेल, आपल्याकडे तर बेसा-मनीषनगरला प्लॉट घेतला की दुसऱ्या दिवशीपासून भावाच्याच गप्पा.

म्हणून ग्रुपवरच्या पहिल्या भाऊला माझं म्हणणं इतकंच, की विकायची भीती आहे तर पट्टा अडवू नका, विक्रीचा नियम करा, आणि जमीन वस्तीच्या ट्रस्टकडे ठेवता येते का ते तरी पाहा. हे जसंच्या तसं नागपूरला चालेल असं नाही म्हणत मी, आपल्याकडे आधी जमीन कुणाची यातच वर्षं जातात, नासुप्रची, मनपाची, का कुण्या खाजगी माणसाची. पण तिथेच तर संस्थांचं काम आहे ना. घरकुलाचं केंद्राचं दीड आणि राज्याचं एक असं अडीच लाखाचं अनुदान घ्यायला जागेचा कागद लागतो, आणि तो कागद काढायला घरोघरी मोजणी, जुनी बिलं, राशन कार्ड, टेबलाटेबलावर फेऱ्या. धुणीभांडी करणाऱ्या बाईने एक दिवस ऑफिसला घातला की त्या दिवसाची मजुरी गेली, हे काम तिच्या वतीने कुणीतरी पगारी माणसाने करायला पाहिजे.

आणि पैसा तिथेच अडतो. डडलीला सुरुवातीला एका फाउंडेशनने बळ दिलं, आणि ते दप्तरवाटपासारखं एक दिवसाचं नव्हतं, ऑफिस, स्टाफ, मीटिंगा यांच्यासाठी होतं. आपल्याकडे 2014 पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजकार्यावर, खर्च करावे लागतात, पण वस्तीत दोन वर्षं मोजणी करणाऱ्या चार पोरापोरींचा पगार द्या म्हटलं तर फोटो कशाचा काढायचा हाच प्रश्न येतो त्यांना. ग्रुपवर कुणी सीएसआरवाले असतील तर बोला राजेहो.