चष्मा सापडला नाही

मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सह्या केलेल्या दोघांपैकी एकच हयात होता, आणि त्या दिवशी तो पिंजऱ्यात होता. वडिलांच्या मृत्युपत्राला आव्हान देणाऱ्या मुलीचा मी वकील. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सरतपासणी, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूने घेतलेली साक्ष, शपथपत्रावर झालेली. उलटतपासणीसाठी मी ४७ प्रश्न लिहून नेले होते.

पहिले काही प्रश्न बिनधोक. कागद कुठे ठेवला होता, हा त्यातलाच. तो म्हणाला, “टेबलावर. ते चष्मा शोधत होते, सापडला नाही.” माझी नजर पुढच्या प्रश्नावर होती. तो विचारूनही झाला. मागून ज्युनिअरने कोटाची बाही ओढली आणि चिठ्ठी सरकवली. एकच शब्द: चष्मा.

मृत्युपत्राच्या शेवटी लिहिलं होतं, ‘हे मी स्वतः वाचून व समजून सही केली आहे.’ महिनाभर मी त्या वाक्याला कुठे फट सापडते ते शोधत होतो. ती माझ्याच प्रश्नाच्या उत्तरात आली, आणि मी कागदात डोकं घालून उभा होतो. उत्तर ऐकणं हे उलटतपासणीतलं अर्ध्याहून अधिक काम आहे, असं मी ज्युनिअर मुलांना नेहमी सांगतो.

टिपणं उलटी ठेवली.

“चष्म्याशिवाय त्यांना वाचता येत नव्हतं?”
“नाही.”
“सही होईपर्यंत चष्मा सापडला नाही?”
“नाही.”
“म्हणजे सही करण्यापूर्वी त्यांनी कागद स्वतः वाचला नाही?”
“नाही.”

एका प्रश्नात एकच गोष्ट ठेवली होती. दोन घातल्या की साक्षीदार सोयीची तेवढी उचलतो. न्यायाधीश उत्तरं सांगत होते, ती टाइप होत होती. ते थांबेपर्यंत मीही थांबलो. घाईत पुढचा प्रश्न टाकला तर हातात आलेलं उत्तर अर्धवट नोंदलं जातं.

तिथेच खाली बसायला हवं होतं. विसंगती नोंदीवर आली होती, तिचा अर्थ युक्तिवादात सांगता आला असता. पण मी विचारलं, “मग स्वतः वाचलं असं का लिहिलंय?”

“ते आधीच टाइप होऊन आलं होतं, साहेब. चष्मा नव्हता म्हणून मी मोठ्याने वाचलं. घराच्या कलमापाशी त्यांनी मला थांबवलं आणि एक शब्द हाताने दुरुस्त करून घेतला. ती दुरुस्ती आहे बघा कागदावर.”

होती. शेजारी त्यांची सहीही होती. माझा ३१वा प्रश्न त्याच खाडाखोडीवर होता. ती संशयास्पद आहे असं मी दाखवणार होतो. आता तीच खाडाखोड सांगत होती की त्यांना मजकूर नीट समजला होता.

साक्षीदाराला युक्तिवादात खोटं ठरवायचं असेल, तर आधी ते त्याला तोंडावर विचारावं लागतं. ब्राउन विरुद्ध डन या खटल्यात, १८९३ साली, ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने हे स्पष्ट केलं आणि ते न्याय्यच आहे. पण त्यासाठी सजेशन, म्हणजे आपलं म्हणणं विधान करून त्याच्यापुढे ठेवणं, पुरतं: ‘मजकूर त्यांना वाचून दाखवलाच नव्हता.’ उत्तर येतं, ‘हे खरं नाही’, आणि विषय संपतो. ‘का’ विचारलं की साक्षीदाराला मोकळं रान मिळतं.

सजेशन मी दिलं, पण उशिरा. “खरं नाही,” तो शांतपणे म्हणाला. समोरचे वकील अर्धवट उठले, “फेरतपासणी नाही,” म्हणाले आणि बसले. त्यांना जे विचारावं लागलं असतं, ते मीच विचारून झालं होतं.

बाहेर आल्यावर मी अशिलाला स्पष्ट सांगितलं की साक्षीदार खरं बोलतोय असं मला वाटलं आणि तडजोडीचा विचार करायला हवा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाबांनी थांबवलं त्यांना, नाही? मी पेपर वाचून दाखवायचे तेव्हा मलाही असंच थांबवायचे.”