गोल्डनच्या कानामागची गाठ

जुलैची झड, पुण्यातला फ्लॅट आणि चार वर्षांचा गोल्डन रिट्रीव्हर, सोन्या. कुत्र्यांचे केस विंचरून-कापून द्यायचं माझं काम. काकू म्हणाल्या, ''दादा, रविवारीच आंघोळ घातली, तरी वास येतोय. सगळे केसच काढून टाका, उकडतं बिचाऱ्याला.''

वरून केस चकचकीत होते. ब्रश केलेला होता, पण वरवरच. डाव्या कानामागे स्टीलचा कंगवा घातला तर अर्ध्या इंचावरच अडला. आत नमद्यासारखी घट्ट गाठ, रविवारचं पाणी धरून बसलेली. गुंता न सोडवता आंघोळ घातली की गाठ आवळते आणि तिच्याखालची कातडी वाळतच नाही.

इथे कात्री चालवायची नाही. गाठ कातडीला वर ओढून धरते; केस समजून आपण कातडी कापतो. मी केस कापायच्या मशीनला १० नंबरचं, म्हणजे कातडीलगत बारीक कापणारं ब्लेड लावलं, कातडी ताणून मशीन आडवी टेकवली आणि दर दोन-तीन मिनिटांनी ब्लेड मनगटावर लावून पाहिलं, कारण ते तापतं. गाठ निघाली तेव्हा खाली रुपयाएवढा लालभडक, चिकट चट्टा होता. अशा वेळी आंघोळ रद्द. घरचं मलम नको, डॉक्टरच हवेत.

बाकी अंगाला दीड तास लागला. डाव्या हाताने केस वर धरायचे, कातडीची रेघ दिसली पाहिजे, मग स्लिकर ब्रशने, म्हणजे बारीक वाकड्या तारांच्या ब्रशने, मुळापासून टोकाकडे, एकेक थर. ब्रश दाबायचा नाही. कातडीला चरे पडतात. काखा, मांड्यांची मागची झालर, शेपटीचं मूळ हीच गुंत्याची घरं. सुट्या गुंत्यावर कॉर्नफ्लॉवर भुरभुरून तो टोकाकडून बोटांनी फोडला. शेवटी कंगवा फिरवला. तो अडला तर काम संपलेलं नाही. पिशवीभर लव, म्हणजे आतले मऊ केस, निघाली.

केस भादरायला मी नकार दिला. वरचे राठ केस ऊन अडवतात. भादरल्यावर ते कधी ठिगळाठिगळाने येतात, कधी येतच नाहीत. आणि कुत्रा थंड होतो तो मुख्यतः धापा टाकून. मेलेली लव विंचरून काढली की हवा खेळते, तेवढं पुरतं.

पुढच्या आंघोळीसाठी काकूंना सांगितलं: टॉवेल चोळू नका, दाबा. ड्रायर कोमट ठेवा. केस फाकवून हाताची मागची बाजू कातडीला लावा. गार लागलं तर आत ओल आहे. गळ्यातला पट्टा चट्टा भरेपर्यंत काढूनच ठेवा.