मांजऱ्यातला खडा

१९८६ साली मी नववीत होतो. त्या उन्हाळ्यात कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या रानात विहीर पाडायचं काम चाललं होतं. मुरूम संपून मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा खडक, लागला, आणि सुरुंगानंतरच्या राड्यात मला मुठीएवढा खडा सापडला. पोटात पोकळी, आत पेंढी बांधल्यासारखे गुलाबीसर स्फटिक. शाळा उघडली तशी तो दप्तरातून आणला.

भूगोलाच्या बाईंनी तो भिंगाखाली धरला. “गारगोटी नव्हे ही, स्टिल्बाइट नावाचं खनिज. टोकं कुठं आहेत बघ.” सगळी आत, पोकळीकडे! लाव्हातला वायू बुडबुड्यांनी वर चढला, माथा थिजताना तिथंच अडकला, त्याची ही भोकं. पुढे खडकातून फिरणाऱ्या गरम पाण्यानं विरघळलेली खनिजं भिंतीपासून आत साचवत नेली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बुडबुडा माझ्या दप्तरातून एसटीनं साताऱ्याला आला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाई आम्हाला अजिंक्यताऱ्यावर घेऊन गेल्या. ‘विदारण’, म्हणजे खडक जागच्या जागी फुटण्या-झिजण्याचा धडा, आम्ही तिथं शिकलो. पुस्तकात फटीत बर्फ होऊन खडक फुटल्याचं चित्र होतं. “आपल्याकडे बर्फ कुठला? आपला पिंपळ बघा,” म्हणत त्यांनी तटाच्या चिऱ्यांत घुसलेलं मूळ दाखवलं. खडक थिजताना आकसतो, तेव्हाच त्याला चिरा पडतात. मग उन्हानं तापणं, वळवानं भिजणं आणि मुळं, सगळं त्याच चिरांवर चालतं. वाटेत कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला एक धोंडा होता. त्यात पाण्याचा रासायनिक हातही असतो, हे सांगायला त्या विसरल्या नाहीत. अर्धवट सांगणं त्यांना खपत नसे.

इकडे विहीर अखंड काळ्या पाषाणात कोरडीच अडकली होती. वडील खचले होते. मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “खोल जाण्याआधी मांजऱ्याचा झिजलेला थर तपासा, पाणी असलं तर तिथं असेल.” घरी येऊन मी तसंच सांगितलं. वडारमामांनी पहार खाली ठेवली. “बाई विहिरीत उतरल्यात काय कधी? खरं बोलल्या.”

त्या थरात आडवी बोअर मारली. तिसऱ्या बोअरला पाणी आलं. आजही मार्चपर्यंत पुरतं. खडा मी बाईंनाच दिला.