एकसुरी बोलणं सुटताना : माझा अनुभव

माझं बोलणं एकसुरी होतं. ते सुधारायची सुरुवात रेकॉर्डिंगपासून केली. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब ठेवून दोन-दोन मिनिटांचे तीन नमुने घेतले : बातमीचं वाचन, कागद न बघता केलेलं एखाद्या विषयाचं निवेदन आणि घरच्या माणसाशी चाललेल्या गप्पा. तिन्ही हवेतच, कारण निदान तुलनेतूनच होतं. गप्पांत चढउतार आहेत आणि वाचनात नाहीत असं निघालं, तर गळा ठीक आहे, बिघडली आहे ती सवय. माझं तसंच निघालं. तिन्हींत आवाज सारखाच सपाट असेल आणि हा बदल अलीकडचा असेल, किंवा घोगरेपणा तीन-चार आठवडे हटत नसेल, तर मात्र सराव बाजूला ठेवून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. पार्किन्सन या मेंदूच्या आजारातही आवाज हळू आणि एकसुरी होतो. तिथे स्पीच थेरपिस्टच हवा. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवणाच्या अडचणींसाठीच आहे.

कानाला मोजमापाची जोड दिली. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी तयार केलेलं ‘प्राट’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही या ध्वनिफाइलच्या स्वरूपात उघडलं की सुराची रेघ पडद्यावर दिसते. पुरुषाच्या आवाजाला 75 ते 300 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं) आणि स्त्रीच्या आवाजाला 100 ते 500 हर्ट्झ अशी मर्यादा आधी घालून घ्यावी. ती नसली की मधेच दुप्पट किंवा निम्मा आकडा येतो आणि आवाका उगाच मोठा दिसतो. त्यासाठीच अगदी टोकाचे आकडे सोडून खालून 10 टक्के आणि 90 टक्के या जागांचे आकडे घेतले. माझं वाचन 105 ते 130 हर्ट्झमध्ये अडकलेलं होतं, म्हणजे पेटीवर काळ्या-पांढऱ्या धरून जेमतेम चार पट्ट्या. गप्पांत तोच आवाज 95 ते 160, म्हणजे नऊ पट्ट्या फिरत होता. नवा आवाज कमवायचा नव्हता. गप्पांमधल्या नऊ पट्ट्या कागद हातात असतानाही मिळवायच्या होत्या.

या कामात स्वतःच्या कानावर विसंबता येत नाही. बोलताना आपला आवाज हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही आतल्या कानापर्यंत पोचतो, म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो. आतून अगदी नाटकी वाटलेलं बोलणं रेकॉर्डिंगमध्ये जेमतेम जिवंत ऐकू येतं. पहिले दोन आठवडे मी ‘हे फार होतंय’ या भावनेकडे लक्ष दिलं नाही, फक्त रेकॉर्डिंग मानलं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो वाक्याच्या शेवटामुळे, आणि मराठीत याला खास कारण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, नकार त्याच्याही शेवटी. ‘आम्ही हा प्रस्ताव या वर्षी मंजूर करणार’ एवढं दणक्यात म्हटलं आणि ‘नाही’ घशात गेलं, तर मागच्या रांगेला उलटाच निरोप जातो. एकसुरी बोलणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं : वाक्य पूर्ण श्वासात सुरू होतं, श्वास संपत जातो आणि शेवटचे दोन शब्द करकरत खाली पडतात. उपाय म्हणून वाक्य मागून जोडत गेलो. आधी नुसतं ‘नाही’. मग ‘करणार नाही’. मग ‘मंजूर करणार नाही’. असं करत पूर्ण वाक्य, आणि प्रत्येक फेरीत ‘नाही’ला पहिल्याइतकंच वजन. वाक्य संपताना सूर उतरावा, जोर उतरू नये. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायलाच मला आठवडा लागला. आणि बारा-चौदा शब्दांपेक्षा लांब वाक्य असेल तर ते सरळ तोडावं. कितीही सराव केला तरी श्वास पुरत नाही.

सूर कुठे उतरवायचा नाही, हेही शिकावं लागलं. नाट्यशास्त्रात संवाद म्हणण्याच्या संदर्भात ‘काकू’चे, म्हणजे अर्थानुसार बदलणाऱ्या आवाजाच्या चढउताराचे, दोन प्रकार दिले आहेत : साकांक्ष, म्हणजे पुढे काही येणार आहे अशी अपेक्षा ठेवणारा, आणि निराकांक्ष, म्हणजे अर्थ पुरा झालेला. इतकी नेमकी विभागणी मला इतर कुठल्याही मार्गदर्शनात मिळाली नाही. ‘गहू, ज्वारी, बाजरी आणि नाचणी’ म्हणताना पहिले तीन शब्द साकांक्ष, थोडे वर राहिलेले. नाचणी निराकांक्ष, खाली टेकलेली. चारही शब्द खाली टेकवले की ऐकणाऱ्याला चार वेळा ‘संपलं’ असं वाटतं, आणि चौथ्यांदा तो ऐकायचा थांबलेला असतो. वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घेऊन प्रत्येक स्वल्पविरामावर वरचा बाण आणि पूर्णविरामावर खालचा बाण काढायचा, एवढाच सराव रोज पाच मिनिटं केला.

त्यानंतर आघात. ‘दादाने काल आईला पैसे दिले नाहीत’ हे वाक्य सहा वेळा म्हणायचं, दर वेळी वेगळ्या शब्दावर जोर देऊन. ‘दादाने’वर दिला तर दुसऱ्या कुणीतरी दिले, ‘काल’वर दिला तर आधी किंवा नंतर दिले, ‘आईला’वर दिला तर दुसऱ्याच कुणाला. अर्थ मनात आधी धरायचा आणि मग बोलायचं. उलट केलं, म्हणजे नुसता शब्द उचलला, तर ते लगेच खोटं ऐकू येतं. ‘च’ची गंमतही इथेच उमगली. ‘मीच’ म्हणताना जोर ‘मी’वर हवा, ‘च’ दाबला की बोलणं हट्टी वाटतं. एका वाक्यात एकच शब्द उचलावा. तीन उचलले तर एकही उठून दिसत नाही.

‘बरं’ या एका शब्दावर मी रोज दोन मिनिटं घालवली. संमतीचं बरं, संशयाचं बरं, ‘पुढे काय झालं?’ असं विचारणारं, विषय संपवणारं, दम देणारं, रडणाऱ्या मुलाला जवळ घेतानाचं. शब्द तोच राहतो, म्हणून सगळं काम सुरालाच करावं लागतं. चेहरा आणि हात मोकळे ठेवून करावं. भुवया हलल्या नाहीत तर माझा सूरही फारसा हलत नाही, हे रेघेवर दिसलं.

सरावाआधी गळा तापवायला पाच मिनिटं. ओठ सैल सोडून फुर्रर्र करत सूर खालून वर आणि वरून खाली न्यायचा. मग ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ दोनेक सेंटिमीटर बुडवून त्यातून ‘ऊ’चा सूर लावायचा, बुडबुडे एकसारखे येतील असा. वरच्या सुरात आवाज फाटला तर तिथे जोर लावायचा नाही, अर्ध्या ताकदीने पुन्हा जायचं. घसा दुखला तर त्या दिवसाचा सराव बंद.

चुकलो ते दोन ठिकाणी. सूर वर न्यायच्या जागी मी आवाज मोठा करत होतो. घसा दुखायचा आणि रेघ तशीच सपाट राहायची. हे सुटलं ते अगदी हळू आवाजात, शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय असं समजून, तोच चढउतार करायला लागल्यावर. दुसरी चूक जास्त फसवी. सूर हलायला लागला, पण प्रत्येक वाक्याला एकच चाल लागली : सुरुवात वर, मध्ये लाट, शेवट खाली. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत ‘सन्माननीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग’पासून शेवटच्या ओळीपर्यंत जो एक सूर लागतो, तोच. प्राटमध्ये आवाका आठ-नऊ पट्ट्या दिसतो आणि ऐकणारा तरीही कंटाळतो, म्हणून या टप्प्यावर नुसता आकडा पाहू नये. लागोपाठच्या पाच वाक्यांच्या रेघा एकाखाली एक ठेवून बघाव्या. पाचही डोंगर एकाच आकाराचे असतील तर आघाताच्या सरावाकडे परत जायचं.

विरामाचं थोडक्यात. महत्त्वाच्या शब्दाआधी अर्धा सेकंद, त्याच्यानंतर पूर्ण एक सेकंद, विषय बदलताना दोन. मनात मोजूनच थांबावं, कारण बोलणाऱ्याला एक सेकंदही फार लांब वाटतो.

लिहिलेलं भाषण वाचायचं असेल तर कागदच बदलला. एका ओळीत एकच विचार, दोन ओळींत मोकळी जागा, प्रत्येक वाक्यात एका शब्दाखाली रेघ. सराव करताना एक परिच्छेद वाचायचा, कागद पालथा घालायचा आणि तोच मजकूर समोरच्याला सांगितल्यासारखा सांगायचा. तिसऱ्या फेरीला सांगण्यातला सूर वाचण्यात उतरायला लागतो. ऑनलाइन मीटिंगसाठी एक वेगळी काळजी : अशी सॉफ्टवेअर माइकचा आवाज बहुधा आपोआप सारखा करतात, त्यामुळे जोर कमी-जास्त केलेला पलीकडे फारसा पोचत नाही. तिथे काम सुराने आणि विरामाने करावं लागतं.

रोज वीस मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस, असे बारा आठवडे झाले. दर रविवारी तोच बातमीचा उतारा रेकॉर्ड करत गेलो. चौथ्या आठवड्यापर्यंत आकडा हललाच नाही, फक्त वाक्यांचे शेवट ऐकू यायला लागले. सहाव्यानंतर वाचनाचा आवाका सहा पट्ट्यांवर गेला, बाराव्याला आठवर. आकडेवारी वाचताना मात्र आवाज अजून सपाट होतो. त्यावर सध्या असं करतो : ‘12 टक्के वाढ झाली’ असं न म्हणता ‘वाढ किती, तर 12 टक्के’ असं म्हणतो. ‘तर’वर सूर साकांक्ष होतो, अर्धा सेकंद मिळतो आणि आकडा वाक्याच्या शेवटी, पूर्ण जोरात पडतो.