तुम्ही विचारलंत म्हणून: कॅसिनोत असं काय ठेवलंय?

ठाण्यातल्या कचराळी तलावाच्या तिसऱ्या फेरीला कुणीतरी विचारतंच. हळदीकुंकवाला वाण घेताघेता विचारतात, लग्नात जेवणाच्या रांगेत विचारतात. "काय गं, यंदाही कॅसिनो?" त्या 'यंदाही'ला एक खास हेल असतो. मग पुढचे दोन प्रश्न ठरलेले: नवरा काही म्हणत नाही का, आणि आजवर किती घालवलेस? आमच्यातल्या एकीचा, घोडबंदरवालीचा, नवरा दर वर्षी मित्रांबरोबर मोटारसायकल घेऊन डोंगरात जातो. त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही, बायको काही म्हणत नाही का म्हणून. असो. आज एकदाच सगळं लिहून काढते.

आम्ही चौघी. नावं घालत नाही, राहत्या जागेवरून ओळखा: कोपरीवाली, घोडबंदरवाली, वाशीवाली आणि मी नौपाड्यातली. २०१७ साली गोव्याच्या कॅसिनोत पहिल्यांदा गेलो, करोनाची दोन वर्षं सोडली तर दर वर्षी जातो. पैसे भिशीचे. महिन्याला दीड हजार, वर्षाचे अठरा. त्यातून गाडीभाडं, हॉटेल सगळं निघतं आणि उरलेले प्रत्येकीच्या नावाच्या पाकिटात जातात. एटीएमची कार्डं हॉटेलच्या लॉकरमध्ये. पाकीट संपलं की खेळ संपला, मग जेवा, गाणी ऐका, कॅसिनोच्या बोटीच्या वरच्या डेकवर वारा खात बसा. रात्री ठाण्याहून कोकणकन्या, डब्यात दशम्या आणि लसणीची चटणी, सकाळी गोव्यातलं थिवी स्टेशन. जुगाराला निघालेल्या बायकांच्या पिशवीत दशम्या असतात, यावर आमच्या मुलांचा अजून विश्वास बसत नाही.

आई होती तेव्हा तिनं एकच विचारलं होतं, "काकाचा आकडा विसरलीस?" विसरले नव्हते. काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते आणि मटका लावायचे. तीन पत्ते निघणार, त्यांची बेरीज, बेरजेतला शेवटचा आकडा म्हणजे ओपन, रात्री पुन्हा तेच म्हणजे क्लोज. फार पूर्वी हाच आकडा न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरून धरायचे, असं काका अभिमानानं सांगायचे, जणू त्यांचा कापसाचा व्यापार होता. पगाराच्या दिवशी काकू कारखान्याच्या गेटवर उभी राहायची. ती उभी राहिलेली मी पाहिली आहे. त्यामुळे "तुला जुगार म्हणजे काय ते ठाऊक नाही" असं मला कुणी सांगू नये.

आईला मी तेव्हा उत्तर दिलं होतं, आकड्यांतच. मी हिशेबातली बाई. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या कंपनीची खाती लिहिली. रूलेटच्या चाकावर १ ते ३६ आणि एक शून्य, मिळून ३७ घरं. एका आकड्यावर लावून तो आला तर पस्तीस पट मिळतात आणि लावलेले परत. म्हणजे ३७ वेळा शंभर-शंभर लावले आणि हिशेबाप्रमाणे एकदा आकडा आला, तर ३७०० घातले आणि ३६०० हातात. शंभर गेले. शेकडा २.७. एवढीच त्या चाकाची दलाली. सोनाराची मजुरी याहून जास्त असते, असं मी आईला म्हणाले होते. आई म्हणाली, "सोनाराकडून सोनं तरी घरी येतं."

घोडबंदरवाली वहीत आकडे लिहून घेते. लाल रंगाचा आकडा सलग सहा वेळा आला की काळ्या रंगावर लावते, म्हणते आता यायलाच हवा. चाकाला स्मरणशक्ती नसते, हे तिला मी दर वर्षी सांगते. माँटे कार्लोत १९१३ च्या ऑगस्टमध्ये काळा सलग २६ वेळा आला होता आणि आता लाल येणारच म्हणून लावणारे धुऊन निघाले, हेही सांगते. ती मान डोलावते आणि लिहीत राहते. तिला वहीच आवडते, माझं मत.

आता बदललंय. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्या, विकत घेतल्या की त्या रकमेवर २८ टक्के जीएसटी, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. चाक २.७ घेतं, सरकार ४०. त्यामुळे 'स्वस्त करमणूक' हा माझा जुना मुद्दा आता टिकत नाही, हे मान्य. २०१९ मध्ये मी नातेवाइकांच्या ग्रुपवर याच मुद्द्यावर लांबलचक मेसेज टाकला होता. आज वाचला तर त्यात हिशेब बरोबर आहे आणि बाई खोटं बोलते आहे, असं वाटतं.

खोटं अशासाठी की मी स्वस्त म्हणून जात नव्हतेच. तिथं मला कुणी काकू म्हणत नाही. पत्ते वाटणारी मुलं-मुली, बहुतेक ईशान्येकडची नाहीतर नेपाळची, 'मॅम' म्हणतात आणि माझ्या हाताकडे बघत थांबतात. मी ठरवेपर्यंत चाक थांबतं. पाचशेची चिप मी सतरावर ठेवते. का? काही नाही, वाटलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, या काळात मी पाचशे रुपये असे कधी खर्च केले नव्हते ज्यांच्यापुढे काही लिहायचं नाही. साडी घेतली तरी 'सेलमध्ये होती' हे वाक्य सोबत यायचं. त्या टेबलावर कारण द्यावं लागत नाही. हरलेल्या पैशाचंही नाही. हे सुख ज्यांना कळत नाही त्यांना कधी कारण द्यावं लागलंच नसेल, एवढंच मी म्हणेन.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून खटकते. टेबलावरचे खेळ गोव्यात कायद्यानं फक्त पाण्यावर चालतात. १९७६ च्या तिथल्या जुगारबंदी कायद्यात १९९२ ला दुरुस्ती झाली ती पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांसाठी, आणि १९९६ ची बोटींसाठी. म्हणून मांडवी नदीत त्या दिव्यांच्या बोटी नांगरून उभ्या, आणि धक्क्यावरून छोट्या बोटीनं आपण तिकडे जायचं. १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना आत प्रवेश नाही. नदी त्यांची, महसूल त्यांच्या सरकारचा, आणि त्यांनी काठावरून दिवे बघायचे. पणजीत एकदा टॅक्सीवाले काका म्हणाले, "आम्हांला बिघडू नये म्हणून बाहेर ठेवलंय. तुम्ही चालता." वाशीवाली हसली. मला नाही हसू आलं. आपल्या महाराष्ट्रानंही त्याच १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता बरं का. तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ ला रद्द करून टाकला. म्हणून आपण शेजाऱ्याच्या नदीत जातो.

आता खरं ते.

नोव्हेंबर २०२२. दुसरी रात्र. कोपरीवाली खालच्या मजल्यावर अंदर-बाहर हा पत्त्यांचा खेळ खेळत होती. तिच्या ड्रेसला खिसा नाही, पर्स तिला नको होती, म्हणून तिचा फोन माझ्या पर्समध्ये. टेबलावर बसल्यावर फोन काढू देत नाहीत, पर्स माझ्या मांडीवर. मी सहा हजारांच्या चिप्स घेऊन बसले होते आणि समोर सतरा हजारांचा ढीग झाला होता. असं मला आधी कधी झालं नव्हतं, नंतरही नाही. शेजारी हैदराबादचं एक तरुण जोडपं माझं बघून लावत होतं. मी जिथं ठेवीन तिथं ते ठेवायचे. चोपन्न वर्षांच्या बाईमागे दोन तरुण माणसं चालताहेत, विचार करा.

मांडीवर फोन थरथरला. पर्स किलकिली केली. पडद्यावर नाव: 'अहो'. वेळ ११.१२. तिच्या नवऱ्याचा. मी चेन लावली. वाटलं, गॅस कुठे बंद करायचा ते विचारत असतील. आधीच्या एका खेपेला खरंच रात्री साडेदहाला इसबगोल कुठल्या डब्यात आहे ते विचारायला फोन आला होता.

पुन्हा थरथरला. हा फेरा झाला की देते. पुन्हा. आता आकडा लागला की देते. खालचा मजला म्हणजे वीसेक पायऱ्या. नुसती मान वळवून वाशीवालीला हाक मारली असती तरी चाललं असतं, ती पाठीमागेच उभी होती. मी हाक मारली नाही. प्रत्येक वेळी मांडीला कळत होतं आणि मी चिप ठेवत होते.

उठले ते ११.५० ला. फोनमुळे नाही उठले. समोरचा ढीग संपला म्हणून उठले.

हे वाक्य मी गेली काही वर्षं दुसऱ्या तऱ्हेनं सांगत आले आहे. 'लक्षातच आलं नाही गं, केवढा गोंगाट.' कोपरीवालीलाही त्या रात्री तेच सांगितलं: "आत्ताच पाहिला." सात मिस्ड कॉल, ११.१२ पासून ११.४४ पर्यंत. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि फोन कानाला लावला.

तिच्या सासूबाई बाथरूममध्ये पडल्या होत्या. खुब्याचं हाड. शेजाऱ्यांनी गाडी काढून दवाखान्यात नेलं होतं आणि तिथले डॉक्टर विचारत होते, आजी रक्त पातळ करायची गोळी घेतात का, घेतात तर कुठली, शेवटची कधी घेतली. मुलाला माहीत नव्हतं. घरात ते एकटीला माहीत होतं, आणि ती मांडवीत होती. मेडिक्लेमचं कार्ड कुठल्या कप्प्यात, तेही तिलाच. एक्क्याऐंशी वर्षांची बाई स्ट्रेचरवर, आणि चाळीस मिनिटं एक उत्तर माझ्या मांडीवर थरथरत होतं.

सासूबाई वाचल्या. दोन दिवसांनी ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन हिंडतात, सुनेला ओरडतातही. तेव्हा तुम्ही म्हणाल, चाळीस मिनिटांनी काय बिघडलं? सगळे असंच म्हणतील, म्हणून तर मी सगळ्यांना खोटं सांगून बघितलं. आणि हो, माझ्याकडे बचावही आहे. स्वतःच्या आईची गोळी मुलाला ठाऊक नसावी, हा माझा गुन्हा नाही. गडकरी रंगायतनला नाटक बघत असतो आणि फोन बंद असता तर कुणी मला बोल लावला नसता. पण नाटकात मला फोन आलेला कळला नसता. इथं कळला, सात वेळा.

मग व्यसन? तुमचा आवडता शब्द. काकांसारखी मी कर्ज काढत नाही, पाकिटाबाहेर कधी गेले नाही, त्या रात्रीही नाही. पैशाच्या बाजूनं वही स्वच्छ आहे. मी अजून एक पडताळून पाहिलंय. पडद्यावर तिच्या मुलाचं नाव असतं, तर मी उठले असते. पहिल्याच थरथरीला. 'अहो' होतं म्हणून बसून राहिले. त्या दोन अक्षरांचाच मला राग आला होता, जणू माझ्याच घरून विचारणा आली होती, की कुठे आहेस, किती वाजले, किती गेले. ज्या मोकळेपणासाठी मी तिथं जाते म्हणून वर एवढं लिहिलं, तो त्या रात्री मी कोपरीवालीच्या जिवावर उपभोगला. हे लिहून झाल्यावर वरचा परिच्छेद खोडावा का, असा विचार केला. खोडला नाही. तोही खराच आहे.

"मग जाणं का थांबवत नाहीस?" हा प्रश्न मला अजून कुणी विचारलेला नाही, कारण हे कुणाला ठाऊकच नव्हतं. मीच विचारते आणि उत्तर सापडत नाही. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा मी रूलेटला बसलेच नाही, वरच्या डेकवर बसून राहिले आणि सगळ्यांना माझी कणव आली. त्याच्या पुढच्या वर्षी बसले. मजा आली. मजा आली हेच लिहायला अवघड जातंय.

कोपरीवाली दोन्ही वर्षी आली. एक शब्द बोलली नाही, ना गाडीत, ना नंतर. फक्त आता फोन गळ्यात असतो, दोरीला लावलेल्या छोट्या पिशवीत. सिल्कच्या कुर्त्यावरसुद्धा. घोडबंदरवाली तिला कंडक्टर म्हणून चिडवते. मी हसत नाही, आणि मी हसत नाही हे कोपरीवालीला दिसतं.

यंदाची तिकिटं काढायचं काम माझ्याकडे आहे. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे येत्या बुधवारी सकाळी आठ वाजता. चौघींची वयं, आधारवरची स्पेलिंगं, खालचा बर्थ कुणाला, सगळं लिहून ठेवलंय. हा मजकूर कोपरीवालीला त्याआधी पाठवायचा की नंतर, तेवढं ठरायचं आहे.